जुन्या वायझेडचे क्लिक नव्या फोर-फिफ्टीला लावले त्याची गोष्ट

मागच्या महिन्यात नवीन ४५० सीसीची मोटोक्रॉस बाइक (कच्च्या मातीच्या ट्रॅकवर पळवायची) पहिल्यांदा ग्लेन हेलनला नेली आणि चौथ्याच लॅपला हात असे भरून आले की क्लचवर बोट ठेवता येईना. ग्लेन हेलन म्हणजे कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोजवळचा ट्रॅक, चढउतार भरपूर, आणि दुपारपर्यंत प्रत्येक उताराच्या शेवटी सगळ्यांनी ब्रेक मारून मारून असे खड्डे पाडलेले असतात की विचारू नका. याच खड्ड्यांवरून माझी २००० सालची यामाहा वायझेड२५० मी सहा वर्षं चालवतोय, ती डुलते, वळवळते, पण हात कधी असे दगड झाले नाहीत. आणि ही नवीन ४५०, ॲल्युमिनियम फ्रेम, सगळं काही आधुनिक, तर मला वाटतंय एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून कुंभार्ली घाट उतरतोय.

गाडीचं नाव घेत नाही कारण दोष तिचा नव्हताच. मी शहाणपणा केला होता, वायझेडवर सस्पेन्शनचे जे क्लिक (ॲडजस्टर फिरवताना येणारे टप्पे) बसलेत तेच आकडे, कंप्रेशन (दबतानाचा रोध) बारा रिबाऊंड (परत येतानाचा रोध) दहा, इकडे लावले. आता क्लिक म्हणजे काही सेंटिमीटर नाही की इथला एक तिथे पण एकच, आतला व्हॉल्व्ह वेगळा, शिम (व्हॉल्व्हवरच्या पातळ चकत्या) वेगळे, तेल वेगळं, हे मला माहिती होतं तरी केलं.

पण नुसतं क्लिकचं प्रकरण नाहीये हे. जुन्या स्टीलच्या गाडीवर फ्रेमसुद्धा सस्पेन्शनचं काम करते. सरळ चालताना खड्डा आला की धक्का वर येतो, फोर्क (पुढचं सस्पेन्शन) आणि शॉक (मागचं) तो खातात, ठीक. पण वळणात गाडी आडवी झाली की तोच धक्का बाजूने येतो आणि फोर्क काय बाजूला दबत नाही! तिथे जे लवतं ते फ्रेम, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा), ॲक्सल, फोर्कच्या नळ्या. हे लवणं म्हणजे डॅम्पिंग (हालचाल आवरणारा रोध) नसलेली स्प्रिंग, जेवढं घेतलं तेवढं परत फेकणार, म्हणूनच वायझेड वेगात शेपूट हलवते. पण मनगटापर्यंत धक्का येऊ देत नाही.

ॲल्युमिनियम ताठ असतं म्हणून नव्या गाड्या ताठ असं सगळे म्हणतात, ते उलटं आहे खरं तर. धातू म्हणून स्टीलच तिप्पट ताठ. पण ॲल्युमिनियमचा प्रॉब्लेम असा की छोटे छोटे ताणसुद्धा लाखो वेळा बसले की त्याला कधी ना कधी चीर जाते, स्टीलचं एका मर्यादेच्या खाली तसं होत नाही, म्हणून डिझायनर ॲल्युमिनियमला लवूच देत नाहीत, जाडजूड पोकळ बीम करतात. आणि पाइपची भिंत तेवढीच ठेवून व्यास दुप्पट केला की ताठपणा आठपट होतो. म्हणजे खेळ सगळा आकाराचा.

होंडाने १९९७ च्या सीआर२५०आरला अशी ट्विन-स्पार (दोन बाजूंना दोन बीमची) ॲल्युमिनियम फ्रेम दिली तेव्हा हेच झालं, लोक म्हणाले ही फारच ताठ आहे. अमेरिकन रेसर जेरेमी मॅकग्राने १९९३ ते ९६ ओळीने चार सुपरक्रॉस (स्टेडियममधल्या मोटोक्रॉसची) टायटल होंडावर घेतली होती, तो ९७ ला सुझुकीवर गेला, आणि ही फ्रेम त्याला पटली नाही हे त्यामागचं एक कारण सांगतात. मग ९८, ९९, २००० ही तीन टायटल त्याने कशावर घेतली? वायझेड२५०, स्टील फ्रेम. (माझी गाडी त्यातलीच आहे हे मी पार्किंगमध्ये भेटणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो, बायकोला पाठ झालंय.) होंडानेही २००० आणि परत २००२ ला फ्रेम बदलून ती लवेल अशी केली. आणि स्टील म्हणजे मऊ असंही समजू नका, केटीएम अजून क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमचं) स्टीलच वापरतं आणि त्यांच्या २०२३ च्या एसएक्स मोटोक्रॉस गाड्या नवीन असताना किती ताठ वाटतात याची चर्चा कमी झाली नाही.

तर माझं काय झालं ते सांगतो. हात भरले म्हणून मी पहिल्यांदा कंप्रेशन चार क्लिक उघडलं, मऊ होईल म्हणून, आणि गाडी आणखीनच मारायला लागली. कारण फोर्क आता ब्रेक मारला की खूप खाली जाऊन बसायचा, आणि तिथे खाली स्ट्रोकमध्ये तो सगळ्यात कडक असतो. परत बंद केलं, वर दोन क्लिक जास्तच, तर बरं वाटलं. हे दर वेळी उलटं वाटतं आणि दर वेळी मी फसतो.

मग घरी येऊन सॅग (वजनाने सस्पेन्शन किती बसतं ते) मोजला जो आधी मोजायला हवा होता. गिअर घालून मी ९२ किलो, मी बसल्यावर मागचा सॅग निघाला ११८ मिलिमीटर, पाहिजे १०५ च्या आसपास. म्हणजे गाडी मागून बसलेली, पुढून उचललेली, मग वळणात पुढचं चाक धरणार कसं. प्रीलोड फिरवून (म्हणजे स्प्रिंग आवळून) १०५ वर आणलं आणि मी उतरलो तर गाडीचा स्वतःचा सॅग फक्त २० राहिला, असायला हवा ३० ते ४०. आता वाटेल की सॅग कमी म्हणजे स्प्रिंग कडक, पण नाही, मऊ आहे म्हणून तर एवढी आवळावी लागली.

शिवाय फ्रेममध्ये अडकलेला ताण सुटावा म्हणून इंजिनला फ्रेमशी धरणाऱ्या हेड-स्टेचे बोल्ट सैल केले, चाकं जमिनीवर ठेवून गाडी दोनचार वेळा दाबली आणि टॉर्क रेंचने परत आवळले. पुढच्या ॲक्सलला आवळून धरणारे पिंच बोल्ट पण तसेच. मेकॅनिक मित्र हसला, पण रेसवाल्या टीम त्या हेड-स्टेच्या पट्ट्या वेगवेगळ्या जाडीच्या बदलून बघतात, ते काय उगाच? पुढच्या रविवारी सात लॅप सलग मारले. हात भरले, पण सातव्याला.

मागची स्प्रिंग मागवलीय एक पायरी जास्त कडक, शुक्रवारी येतेय. वायझेडला मात्र हात लावलेला नाही.