जांभ्याच्या विहिरीचे पाणी आणि सिक्लिडांची निवड

आमच्या घरातली मत्स्यपेटी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. हिशोबाने तीत सुमारे १९० लिटर पाणी मावते, पण वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्षात १६० लिटरच्या आसपास उरते. पहिल्या वर्षी मी तीत सिक्लिड या कुळातले मासे, म्हणजे चार एंजल आणि कॉन्व्हिक्ट सिक्लिडची एक जोडी सोडली, कारण दुकानदाराने ‘सगळे सिक्लिडच आहेत, एकत्र राहतील’ असे सांगितले होते. दोन महिने सारे सुरळीत चालले. मग कॉन्व्हिक्टच्या मादीने मातीच्या कुंडीत अंडी घातली आणि त्या बोटभर माशांनी आपल्याहून उंच एंजलना एका कोपऱ्यात कोंडून ठेवले. चौथ्या दिवशी सकाळी एक एंजल मेलेला आढळला आणि उरलेल्या तिघांचे पर फाटलेले होते. तो मासा माझ्या अज्ञानामुळे गेला, याची बोचणी अजून आहे.

सिक्लिड कुळात १७०० हून अधिक जाती आहेत आणि त्यांतले बहुतेक मासे अंड्यांची व पिल्लांची राखण करतात. जी माया पाहण्यासाठी आपण हे मासे पाळतो, तीच त्यांच्या भांडणाचे मूळ आहे. जोडी जमली की तिला हद्द लागते, आणि तीन फुटांच्या पेटीत हद्दी आखायला जागा फार थोडी असते. म्हणून मासा विकत घेताना त्याचे आजचे आकारमान न पाहता, पूर्ण वाढल्यावर तो केवढा होईल आणि पेटीच्या कोणत्या थरावर हक्क सांगेल, हे पाहावे. ऑस्कर फूटभर वाढतो, त्यामुळे या मापाच्या पेटीत त्याला आणूच नये. फ्लॉवरहॉर्न हा भांडखोर सिक्लिड ठेवायचाच असेल, तर तो एकट्यानेच ठेवावा लागतो.

स्वभावाइतकेच महत्त्व पाण्याला आहे. मालवण परिसरात आमच्यासारख्या अनेक घरांच्या विहिरी जांभ्यात खोदलेल्या आहेत आणि जांभ्यातून झिरपलेल्या पाण्यात चुन्याचा अंश फार कमी असतो. आमच्या विहिरीचा पीएच (पाणी आम्ल की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा; ७ म्हणजे उदासीन) मी तपासला तेव्हा तो ६.४ निघाला. एंजलसारख्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या माशांना असे मृदू, म्हणजे कमी क्षारांचे, किंचित आम्लधर्मी पाणी मानवते. उलट आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे पाणी साधारण ७.८ ते ८.६ पीएचचे आणि अधिक कठीण असते, शिवाय तिथले खडकांवरचे शेवाळ खरवडून खाणारे मासे एंजलसाठी टाकलेल्या मांसल खाद्याने पोट फुगून मरू शकतात. त्यांचे निळे-पिवळे रंग कितीही मोह घालत असले, तरी ते एंजलच्या पेटीत सोडू नयेत. त्यांच्यासाठी पेटीही वेगळी हवी आणि पाणीही.

हे सारे ध्यानात घेऊन मी दुसऱ्या वेळी एंजलची सहा लहान पिल्ले आणली, त्यांच्यातली एक जोडी आपसूक जमेपर्यंत थांबलो आणि उरलेली चार ओळखीच्यांना दिली. एंजल मधल्या आणि वरच्या थरात वावरतात, त्यामुळे तळाची वाळू व दोन चपटे दगड रॅम सिक्लिडच्या जोडीसाठी मोकळे राहिले. रॅमना २७ ते ३० अंशांचे ऊबदार पाणी लागते, आणि ते आपल्या किनाऱ्यावर बहुतेक दिवस हीटर न लावताही मिळते. अंगणातल्या देशी बदामाची वाळून गळलेली पाने धुऊन पेटीत टाकली की पाण्याला चहासारखा रंग येतो आणि दोन्ही जोड्या निवांत दिसतात. छोटे निऑन टेट्रा मात्र या पेटीत सोडू नयेत, कारण मोठे झालेले एंजल ते गिळतात.

खाडीकाठी ज्यांची विहीर मचूळ आहे, त्यांनी निराश होऊ नये. त्यांच्यासाठी ऑरेंज क्रोमाइड हा अस्सल भारतीय सिक्लिड आहे. तो जेमतेम आठ सेंटिमीटर वाढतो, त्याला किंचित खारे पाणी आवडते आणि त्याची पिल्ले आईबापांच्या अंगावरचा बुळबुळीत स्राव टिपून खातात. माझ्या दुसऱ्या, लहान पेटीत हे मासे आले तेव्हा आईने निरखून विचारले, “ही काळुंदराचीच पिल्लां मां रे?” तिची नजर चुकली नव्हती, कारण आपल्या खाडीतले काळुंदरही सिक्लिडच आणि ऑरेंज क्रोमाइडचे जवळचे नातलग आहे. काळुंदर मात्र फूटभर वाढू शकते, म्हणून त्याला मध्यम पेटीत आणू नये.

पावसाळ्यात एक काळजी अधिक घ्यावी लागते. विहीर तुडुंब भरली की पाण्यातले क्षार आणखी विरळ होतात आणि पीएच एकाएकी घसरण्याची भीती असते. म्हणून जूनपासून मी खाण्याच्या तिसऱ्यांच्या मूठभर रिकाम्या शिंपल्या उकळून, घासून, जाळीच्या पिशवीत भरून मोठ्या पेटीच्या फिल्टरमध्ये ठेवतो. पाणी आम्ल होऊ लागले की त्या हळूहळू विरघळतात आणि त्याला सावरून धरतात. एरवी दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलतो, पण या दिवसांत तेवढेच पाणी दोन वेळा विभागून बदलतो. वीज जाण्याचा नेम नसल्याने बॅटरीवर चालणारा एअर पंपही पेटीशेजारी तयार असतो.