मैनासाठी नर शोधताना

जानेवारी, संक्रांतीनंतरचा सोमवार, रात्री साडेदहा

काल पुण्याच्या डॉग शोमध्ये मैना कारवान हाउंडच्या माद्यांत पहिली आली, आणि तरीही परतताना इंदापूर मागे पडेपर्यंत मी मनातल्या मनात परीक्षकांशी वाद घालत होते. निकालाबद्दल तक्रार असण्याचे काही कारणच नव्हते. वाद होता तो त्यांच्या एका शेऱ्याशी. रिबन हातात देताना ते म्हणाले, "मादी उत्तम आहे, चालही मोकळी आहे. हाडाने थोडी भरली असती तर हाउंड जातींच्या गटातही पुढे गेली असती." एखाद्या हौशी मालकाने घरी जाऊन आधी तिचा खुराक वाढवला असता. मी पशुवैद्य असल्यामुळे मला पडलेला प्रश्न निराळा होता: माळरानावर सशामागे धावण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या घडत आलेल्या या जातीला हे जास्तीचे हाड हवे कशासाठी?

रिंगमध्ये एकेका कुत्र्याच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन मिनिटे येतात. तेवढ्या वेळात परीक्षक ओठ वर करून दातांची जुळणी पाहतात, खांद्याचा कोन चाचपतात, नर असेल तर दोन्ही वृषणे खाली उतरली आहेत ना याची खात्री करून घेतात आणि मग एकदा सरळ, एकदा गोल पळवून चाल पाहतात. कारवान परक्याला सहजासहजी अंगाला हात लावू देत नाही, हे ही जात सांभाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. परीक्षकांचा हात मानेवरून पाठीकडे सरकला, की मैनाच्या फासळ्यांवरची पातळ कातडी एकदा थरथरते आणि कान मागे जातात. पाय मात्र ठेवले तिथेच राहतात. एवढ्यासाठी दवाखान्यात येणाऱ्या ओळखीच्या माणसांकडून मी तिला लहानपणापासून हाताळून घेतले आहे. जिला असे शिकवलेले नसते ती मागे सरते आणि स्पर्धेतून बाद होते. म्हणजेच रिंग नकळत अधिकाधिक सोशिक कुत्री निवडत जाते. ते वाईटच आहे असे मी म्हणणार नाही, कारण तपासणीच्या टेबलावर मलाही सोशिक कुत्रेच हवे असते.

माझी भीती वेगळ्या ठिकाणाहून आली आहे. 2003 च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीमुळे पग घराघरांत पोचला, आणि त्याचा हिशेब दर एप्रिल-मे महिन्यात माझ्या दवाखान्यात मांडला जातो. कुत्रा अंग थंड ठेवतो ते मुख्यतः धापा टाकून. नाकाचा मार्गच आखूड आणि चिंचोळा करून ठेवला, तर सोलापूरच्या त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत त्याने करायचे काय? अंगाचे तापमान 41 अंशांच्या वर गेलेला, जीभ जांभळी पडलेला पग रिक्षातून उतरवला जातो, तेव्हा त्याच्यावर पाणी शिंपडून पंखा लावताना आणि सलाइनची शीर शोधताना मला नेहमी वाटते, की हे कोणी ठरवून केलेले नाही. प्रत्येक पिढीत कोणीतरी फक्त थोडे आखूड नाक मागितले, एवढेच.

कारवानची जात अजून तशी बिघडलेली नाही. चरबी अगदी कमी, छाती खोल, रक्तात लाल पेशी भरपूर. अशा शिकारी हाउंडांत हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातले लाल पेशींचे प्रमाण, 50 ते 60 टक्क्यांच्या घरात दिसले तरी ते निरोगी असू शकते, आणि नव्या डॉक्टरला मात्र वाटते की कुत्र्याच्या अंगातले पाणी कमी झाले आहे. थायोपेंटोनची भूल दिली तर या जाती फार उशिरा शुद्धीवर येतात, हेही धावण्यासाठी घडलेल्या शरीराचेच वैशिष्ट्य. मुधोळच्या मालोजीराजे घोरपड्यांनी या कुत्र्यांना राजाश्रय दिला आणि 2005 साली टपाल खात्याने मुधोळ हाउंडचे (कारवानचेच हे दुसरे नाव) तिकीट काढले, हे सगळे सांगतात. पण तिकिटावरच्या त्या देहाची परीक्षा घेत होता तो मात्र जत, सांगोला, मंगळवेढ्याच्या माळावरचा ससा. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 साली आला आणि पुढे अशी शिकार गुन्हा ठरली. तसे व्हायलाच हवे होते. नान्नजच्या माळढोकाच्या मुलखात राहणाऱ्या माणसाने तरी त्याबद्दल कुरकुर करू नये. मात्र त्यानंतर या जातीचा परीक्षक म्हणून उरली ती फक्त रिंग, आणि रिंगमध्ये कुत्रे पळते ते हातातल्या दोरीच्या लांबीइतकेच. युरोपात यंत्राने ओढलेल्या खोट्या सावजामागे हाउंड पळवून त्यांची कसोटी घेतात. आपल्याकडे तसे काही उभे राहीपर्यंत निवडीची जबाबदारी पैदास करणाऱ्यावरच येते, आणि या वर्षी तो पैदास करणारा म्हणजे मीच आहे.

मैना मार्चच्या आसपास माजावर येईल. तिच्यासाठी दोन नर समोर आहेत. एक बंगळूरचा चॅम्पियन: देखणा, उंचापुरा, परीक्षकांना हवे तसे हाड असलेला, कागदपत्रे चोख. अडचण अशी, की वंशावळ उलगडून पाहिली तर त्याचा आजा आणि मैनाचा आजा एकच निघतो. गाजलेल्या एकदोन नरांकडेच सगळे धावले की असेच होते. चार पिढ्यांत सगळी पिल्ले एकमेकांची चुलत-आते भावंडे होऊन बसतात.

दुसरा नर मंगळवेढ्याजवळच्या एका ज्वारीवाल्या तात्यांकडचा. आज दुपारी विजापूर रोडवर गड्डा यात्रेच्या जनावरांच्या बाजारात खिलारांना लस टोचायला गेले होते, तिथे तात्या भेटले. एका कोसा खिलार बैलाचा सौदा चालू असताना ते बाजूला उभे राहून त्याचे खूर, शेपटीचा गोंडा, पाठीचा मणका हे सारे असे निरखत होते, की पुण्यातल्या परीक्षकांनी शेजारी उभे राहून पाहावे. मग म्हणाले, "बैल असा नुसता उभा करून कळत नाही मॅडम. औताला धरल्यावर कळतो." त्यांचा कारवान ट्रॉलीखाली पडून होता. मी हाक मारली तेव्हा उठला, जवळ आला नाही, एक हात अंतरावर उभा राहिला. खुब्याची हाडे उघडी दिसत होती, पोट पाठीला लागलेले, डाव्या कानाला जुनी चीर. चालवून पाहिला, तर मागचे पाय पुढच्यांच्या खुणांवर अचूक पडत होते.

त्याला वंशावळ नाही. केनेल क्लबकडे अशा कुत्र्याची पाहणी करून नोंद करून घेण्याची सोय आहे, पण त्याच्या पिल्लांच्या कागदावर बापाकडची बाजू कोरीच राहणार, आणि शोसाठी पिल्लू मागणारे लोक आधी कागद उलटून पाहतात. म्हणजे निम्मी पिल्ले कमी भावात जातील, किंवा घरीच राहतील. आमच्या यजमानांनी रात्री जेवताना हा हिशेब ऐकला आणि भाकरीवर शेंगाचटणी वाढून घेत एवढेच विचारले, की घरी म्हणजे नक्की कुठे राहतील.

तरी मी मंगळवेढ्याचाच नर ठरवला आहे. तात्यांना पैसे नकोत, पहिल्या निवडीची एक मादी हवी आहे. रीतीप्रमाणे ते रास्तच आहे. फक्त जोडा लावण्याआधी ब्रुसेला या जोड्यातून पसरणाऱ्या रोगासाठी त्याचे रक्त घ्यावे लागेल आणि गोचीड तापाचीही तपासणी करावी लागेल, हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही. कुत्रे मला अंगाला हात लावू देईल का, हाही प्रश्न आहेच. पुढच्या रविवारी सुया, नळ्या आणि बर्फाचा डबा घेऊन मंगळवेढ्याला जायचे आहे.