खिडकीपाशी पुसट दिसतं

मार्चअखेर, आणि हिशेब बघणाऱ्या मॅडमचा लॅपटॉप काळाठिक्कर. पाच मिनिटं हात काढला की स्क्रीन झोपायची, ती पुन्हा उठायचीच नाही. मग बटण दाबून मशीन बंद करायचं आणि सेव्ह न केलेल्या नोंदींवर पाणी सोडायचं. दोन दिवस हेच.

"अरे, खिडकीपाशी नेला ना, की पुसट काहीतरी दिसतं," त्या म्हणाल्या. मी "हो हो" म्हणून कामाला लागलो.

कॅप्स लॉक दाबलं, दिवा लागला-विझला. म्हणजे आतली उबुंटू ही लिनक्स सिस्टीम जिवंत. शेजारच्या मशीनवरून एसएसएचनं, म्हणजे नेटवर्कवरून आज्ञा देता येतात त्या वाटेनं, आत शिरलो. लॉगमध्ये संशय घ्यावा असं काही नाही. पहिला संशयित नेहमीचाच: पॅनेल सेल्फ रिफ्रेश. चित्र बदलत नसलं की पॅनेल स्वतःच्या मेमरीतलंच चित्र दाखवत राहतं, तेवढीच वीज वाचते. पण इंटेलच्या आय-९१५ या ग्राफिक्स ड्रायव्हरबरोबर ही सोय काही लॅपटॉपवर रुसते. ग्रबमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना सिस्टीम उचलणाऱ्या प्रोग्राममध्ये, ती बंद केली, रीस्टार्ट, पाच मिनिटं थांबलो. काळंच. (झोपण्याची मुदत एक मिनिटावर आणता येते, हे तिसऱ्या चहाला सुचलं.) एचडीएमआयनं टीव्ही जोडला, तिथे सगळं स्वच्छ. म्हणजे पॅनेलच गेलं, असं मी ठरवूनही टाकलं.

जेवणाआधी मॅडमनी थोड्या नोंदी रेटून घेतल्या. परत आलो तर स्क्रीन पुन्हा काळी, पण ऊन सरकून टेबलावर आलेलं. त्या काळ्यात घड्याळाचे आकडे. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला, तर अख्खी एक्सेलसारखी शीट, कर्सर लुकलुकतोय! चित्र जागेवर होतं, मागचा दिवा तेवढा विझलेला.

लिनक्सच्या 'सिस' या हार्डवेअरची माहिती देणाऱ्या फोल्डरात, बॅकलाइटच्या (मागच्या दिव्याच्या) फोल्डरमध्ये 'बीएल_पॉवर' नावाची इवलीशी फाइल असते. तिच्यात ० म्हणजे दिवा चालू, ४ म्हणजे बंद. आत ४. एसएसएचमधून ० लिहिला, स्क्रीन लख्ख. मॅडमनी मला बाजूला सारून आधी कंट्रोल-एस दाबलं.

आदल्या आठवड्यात कर्नल, म्हणजे ड्रायव्हर सांभाळणारा सिस्टीमचा गाभा, अपडेट झालं होतं. स्क्रीन उठवताना नवा ड्रायव्हर चित्र आणत होता, दिवा लावायचं विसरत होता. ग्रबच्या यादीतून आधीचं कर्नल निवडलं, चारदा झोपवून उठवलं, चारही वेळा उजेड. अपडेट तूर्त रोखून ठेवलं.

"म्हणजे मी म्हणत होते ते खरंच दिसत होतं ना?"

"दिसत होतं, मॅडम."

"मग सकाळीच टॉर्च मारायचा होतास," म्हणत त्यांनी पुढचं बिल उघडलं.