९ ग्रॅम मीठ, १ लिटर पाणी

श्वास घेता यावा म्हणून लेकीच्या गळ्याला छिद्र पाडून त्यात ट्रॅकिऑस्टॉमीची नळी बसवली तेव्हा ती १४ महिन्यांची होती. घरी सोडण्याआधी सिस्टरांनी सक्शन (नळीतला कफ ओढून काढणं) शिकवलं, नळीचे पट्टे बदलायला शिकवलं आणि शेवटी घाईघाईत सलाईन करायला. मीठ-पाणीच तर आहे, असं मला वाटलं. घरी आल्यावर मी चुकले ते नेमकं तिथेच.

सक्शनचा कॅथेटर (कफ ओढायची बारीक नळी) धुवायला आणि छिद्राभोवतीची त्वचा पुसायला हे सलाईन लागायचं. थेट नळीत थेंब टाकायचे असतील तर मात्र विकतच्या निर्जंतुक कुप्याच वापरायच्या, घरचं अजिबात नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

सुरुवातीला मी चमच्याने मीठ मोजायचे आणि ते पाण्यात घालून उघड्या पातेल्यात उकळायचे. एका दुपारी त्वचा पुसताना ती कळवळली. नळी असलेलं मूल रडतं तेव्हा बहुतेकदा आवाज येत नाही. तोंड उघडतं, चेहरा लालबुंद होतो आणि खोली तशीच शांत राहते. माझे हातपाय गळाले.

त्या रात्री तोच चमचा तीनदा भरून काट्यावर ठेवला. ५ ग्रॅम, मग ६, मग ७. त्यात उकळताना पाणी आटायचं ते वेगळंच. सलाईन हवं ०.९ टक्के, म्हणजे १ लिटरला ९ ग्रॅम, अर्ध्या लिटरला ४.५. तेवढा खारटपणा शरीरातल्या द्रवांशी जुळतो, म्हणून तो झोंबत नाही. माझं पाणी त्याहून बरंच खारट होत असणार.

डॉक्टरांना सगळं सांगितलं आणि त्यांच्या सल्ल्याने पद्धत बदलली. आधी हात साबणाने स्वच्छ धुते. काचेची बरणी, झाकण आणि मोजपात्र १० मिनिटं पाण्यात उकळते. पिण्याचं पाणी वेगळं, झाकण ठेवून, खळखळा ५ मिनिटं उकळते आणि आटून उरलेल्यातलं ५०० मिली मोजून बरणीत ओतते. पाणी उकळल्यानंतर मोजायचं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर! ते गरम असतानाच ४.५ ग्रॅम मीठ घालते. त्यासाठी ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा छोटा काटा घेतला. मीठ आयोडीन नसलेलं आणि गुठळ्या न होण्यासाठी काही न मिसळलेलं हवं. साध्या मिठाने एकदा तळाला पांढुरका गाळ बसला होता, ती बरणी तशीच ओतून दिली.

झाकण लावून पूर्ण गार होऊ देते. वापरताना लागेल तेवढंच उकळलेल्या वाटीत काढून घेते. कॅथेटर बरणीत कधीच बुडवत नाही, आणि वाटीत उरलेलं परत बरणीत ओतत नाही.

बरणीवर चिकटपट्टी लावून तारीख आणि वेळ लिहिते. २४ तास झाले की अर्धी बरणी शिल्लक असली तरी ओतून देते. आता रात्रीची पाळी तिच्या बाबांची असते. पट्टीवर वेळ लिहिलेली नसेल तर ते मला उठवून विचारत बसत नाहीत, सरळ नवीन पाणी उकळायला ठेवतात.