विशनसर ते गडसर: नाडीचं कोडं सुटलं, नारानाग बाकी

काश्मीरमधल्या सोनमर्ग ते नारानाग ट्रेकवर गडसर खिंड उतरून आलो, तळ्याकाठी बूट-मोजे काढले आणि दहाही नखं जशीच्या तशी! काळं-निळं काही नाही, अंगठ्यात ठणका नाही. मागच्या मोसमातल्या नोंदी ज्यांनी वाचल्यात, त्यांना यातला आनंद समजावून सांगायला नको. त्या वेळी डाव्या अंगठ्याचं नख दिवाळीपर्यंत गळून गेलं होतं आणि गडसरपासून पुढचा प्रत्येक उतार दातओठ खात काढला होता. म्हणून या वेळी फुलं, हरमुख शिखर, ट्राउट मासे सगळं नंतर. आधी बुटाची नाडी.

विशनसर तळ्याचा मुक्काम साधारण ३,७०० मीटरवर. कृष्णसर तळं त्याच्या शंभरेक मीटर वर, खिंड जवळपास ४,२०० मीटरला आणि पलीकडे गडसरचं तळं पुन्हा ३,६०० च्या आसपास. म्हणजे पाचशे मीटर चढ, सहाशे उतार. नुसते आकडे बघितले तर ब्रह्मगिरीवरून त्र्यंबकला उतरण्याएवढंच काम. पण ब्रह्मगिरीला बऱ्याच वाटेवर दगडी पायऱ्या आहेत, पाय टेकला की टेकला. गडसरच्या उताराचा वरचा टप्पा हा सुटा घसारा. पाऊल टाकलं की ते वीतभर खाली जातं, बूट थांबतो, आणि आतला पाय मात्र पुढे सरकतो. बोटं बुटाच्या नाकावर आपटतात. एकदा आपटली तर काही नाही, पण सहाशे मीटर उतारात ती किती वेळा आपटत असतील याचा विचार करा.

बूट अर्धा नंबर मोठा आहे, ट्रेकला निघण्याआधी नखं कापलेली असतात, पातळ मोज्यावर लोकरीचा मोजा असतो. हील लॉक, म्हणजे टाच बुटात उचलली जाऊ नये म्हणून घोट्याभोवती आवळलेला नाडीचा फेरा, तर आपण सगळेच बांधतो. हे सगळं करूनही नख गेलं होतं, आणि खरा वैताग पुढेच होता. नाशिकला सरावात हा त्रास व्हायचाच नाही. पांडवलेण्यांच्या पायऱ्या, रामशेज, अगदी सालोट्याचा घसारा, पाठीवर पाण्याच्या बाटल्यांनी भरलेली सॅक घेऊन उतरलो तरी टाच जागची हलत नव्हती. तोच बूट, तेच मोजे, तीच गाठ. मग विशनसरहून निघालं की खिंडीपर्यंत लॉक सैल कसा पडतो? उंचीवर पाय सुजतात म्हणावं, तर सुजलेल्या पायाला नाडी उलट घट्ट व्हायला हवी.

धागा सापडला जुलैत, अंजनेरीला. पठारावर पोचेपर्यंत धो धो पाऊस, बूट पाण्याने भरलेले. उतरायला लागलो तर तासाभरात डावा लॉक सैल. वाकून नाडी ओढली आणि हाताला जाणवलं की ती लांबली आहे. सरावाचे आधीचे सगळे दिवस मार्च ते मे, कडक कोरडे. आणि विशनसरला सकाळ कशी असते? गवत दवाने निथळत असतं, वर कृष्णसरकडून येणारा ओढा. सात वाजता निघालेला माणूस अर्ध्या तासात घोट्यापर्यंत ओला. गाठीत खोट नव्हती, बुटात नव्हती. नाडी नायलॉनची होती.

घरी आल्यावर बादली काढली. नाडीचं एक टोक दाराच्या कडीला, दुसऱ्या टोकाला पाच किलो तांदळाची पिशवी, बाजूला शिवणकामाची टेप. कोरडी असताना खूण केली, मग पाण्यात भिजवून पुन्हा टांगली. नायलॉनची नाडी बोटाच्या पेराहून जास्त उतरली आणि रात्रभर आणखी थोडी उतरत राहिली. पॉलिएस्टरची जवळपास तिथेच. यामागचं कारण साधं आहे. नायलॉनचा धागा नेहमीच्या हवेतूनच स्वतःच्या वजनाच्या चारेक टक्के ओलावा धरतो आणि भिजल्यावर त्याहून बराच जास्त, त्यामुळे तो मऊ पडून ताणाखाली लांबतो. पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याच्या आतच राहतं. हील लॉकमध्ये नाडीचा फेरा घोट्याभोवती आवळलेला असतो. तिथे पेरभर ढील मिळाली की टाच उचलली जाणार आणि बोटं पुढे जाणार. आपण बुटावर हजारो रुपये घालतो, ते खरेदीआधी महिनाभर तोलून बघतो, आणि ज्याच्यावर ते सगळं बांधलेलं असतं त्या धाग्याकडे कुणी बघत नाही.

नाडी विकत घेणं हा वेगळाच उद्योग निघाला. कॉलेज रोडच्या एका दुकानात ‘खास ट्रेकिंगची’ म्हणून जाड गोल नाडी चांगल्या किमतीला दिली. धागा कसला, हे पाकिटावर नाही आणि दुकानदारालाही माहीत नाही. बादलीत ती जुन्या नाडीपेक्षाही जास्त ताणली. माझं मत आता पक्कं आहे: धाग्याचं नाव लिहिलेलं नसेल तर ती नाडी घेऊ नये, किंमत काहीही असो. शेवटी मेन रोडवर साध्या बुटांसाठीची चपटी पॉलिएस्टर नाडी मिळाली, अगदी स्वस्तात. पण ती गुळगुळीत, गाठ धरेना. ताण टिकतोय पण गाठ सुटतेय, म्हणजे गाडं पुन्हा तिथेच.

इथे मदतीला आले नाशिकच्याच शालिमारजवळ बूट-चपला शिवत बसणारे काका. मी सॅकचा पट्टा शिवायला नेला होता. त्यांच्यापुढे काळपट मेणाचा गोळा होता, वर्षानुवर्षं दोरा ओढून त्यावर खोल खाचा पडलेल्या. सुईत ओवण्याआधी प्रत्येक दोरा ते त्या खाचेतून ओढून घेत. मी नाडी दाखवली. त्यांनी ती दोन्ही बाजूंनी मेणावरून ओढली, अंगठा आणि बोटात धरून चोळून गरम केली आणि म्हणाले, “आता बांधून बघा दादा, पाणी पण लागणार नाही लवकर.” तिथेच बसून गाठ मारली, बूट झटकला, पाय आपटला. गाठ हलली नाही. पट्ट्याचे पैसे घेतले, मेणाचे नाही.

आता बांधायची पद्धत. खालच्या भोकांपर्यंत नाडी सैलसर, बोटांना फुगायला जागा. पाऊल जिथे घोट्याकडे वळतं तिथे एक पीळ जास्त घातलेली गाठ, म्हणजे खालचा सैलपणा खाली आणि वरचा ताण वर राहतो. मग टाच मागे ठोकून वरच्या दोन भोकांत त्याच बाजूचा फेरा करायचा, समोरची नाडी त्या फेऱ्यातून काढून खाली आणि मागे ओढायची. वर ओढली तर लॉक नुसता दिसायला बसतो, टाच धरत नाही. अंजनेरीला भर पावसात हे सगळं पुन्हा करून बघितलं आणि मगच श्रीनगरची तिकिटं काढली.

तर तो दिवस. ऑगस्टचा शेवट. विशनसरला पहाटे तंबूवर दवाचे थेंब, घोडेवाल्यांचा चहा झालेला. निघाल्यावर बूट लगेच ओले, जसे व्हायला हवे होते तसेच. कृष्णसरच्या काठावर पहिली तपासणी: टाच उचलून बघितली, हालचाल नाही. त्या तळ्याचं पाणी खाली विशनसरमध्ये येतं आणि तिथून किशनगंगा निघते. गोदावरीच्या उगमाच्या जिल्ह्यातून आलेल्या माणसाने तिथे दोन मिनिटं न थांबता पुढे जाणं बरं नाही, म्हणून थांबलो. खिंडीचा चढ सरळ अंगावर येतो. खाली दोन्ही तळी एकावर एक दिसायला लागतात, वरचं गडद, खालचं हिरवट. सॅक उतरवून माथ्यावर दुसरी तपासणी केली. नाडी ओली पण ताण होता तसाच. बोटाने दाबून बघितलं तर मेणामुळे पाणी वरच्या वर थेंबांत बसलेलं. हा क्षण मी बरोबरच्या सगळ्यांना दाखवला आणि सगळ्यांनी तो मनापासून बघितला.

उतारावर आणखी एक गोष्ट शिकायला मिळाली. आमच्या घोड्यांबरोबरचे चाचा साध्या प्लास्टिकच्या बुटात तो घसारा धावत उतरतात. त्यांच्या मागे राहून पाय बघितले. ते टाच आधी रुतवतात, गुडघा किंचित वाकलेला, आणि पाऊल सरकतं तेव्हा त्याला सरकू देऊन पुढचं टाकतात. आपल्याला सह्याद्रीत कातळावर पूर्ण तळवा टेकवायची सवय, तीच घसाऱ्यावर नडते. तळवा टेकवला की सगळं वजन बोटांवर जातं. काठ्या नेहमीपेक्षा थोड्या लांब करून टाच रुतवत उतरलो आणि अर्ध्या वाटेतच जाणवलं की बोटांना बुटाचं नाक लागतच नाहीये. पिळाच्या कुलपाच्या, म्हणजे फिरवून घट्ट करायच्या काठ्या मात्र इथे घेऊन येऊ नका. वजन पडलं की आत सरकतात. खटक्याच्या घ्या.

खाली गडसरची फुलं ओसरायला लागली होती, तरी ओढ्याच्या काठाने पिवळी-जांभळी गर्दी होतीच. तळ्याकाठी कोंडाजीचा चिवडा आणि वर उल्लेखलेली नखांची तपासणी. पुढे लष्कराच्या चौकीवर कागदपत्रं दाखवून मुक्काम.

आता शेवटचा उतार, नारानाग. गंगाबल तळं ३,५७० च्या आसपास, नारानाग साधारण २,१०० ला, म्हणजे एका दिवसात चौदाशे मीटरहून जास्त उतार. बोटं इथेही वाचली, पण पाइनच्या जंगलात शिरल्यावर पावलाच्या वरच्या बाजूला, बरोबर पिळाच्या गाठीखाली कळ यायला लागली. लॉक टिकतोय, म्हणजे दाबही दिवसभर टिकतोय. बुटाच्या जिभेखाली स्पंजची चकती घालून बघायचं ठरवलं होतं. किंवा त्या जागेचं एक भोक रिकामं सोडून नाडी सरळ वर न्यायची.

पण हे लिहिता लिहिता दुसरंच डोक्यात आलंय. पुढच्या मोसमात उलटं का जाऊ नये? नारानागहून सुरुवात केली तर तो चौदाशेचा उतार चढ होतो आणि गडसर खिंड विशनसरच्या बाजूला उतरायची, पाचशे मीटरच. शेवटी सोनमर्गकडचा उतार लांब आहे पण दोन टप्प्यांत मिळतो. अडचण आहे ती विरळ हवेची. पहिल्याच दिवशी २,१०० वरून एकदम गंगाबलला मुक्काम मला मान्य नाही. खाली जंगलाच्या वरच्या कडेला एक रात्र काढायला हवी, म्हणजे एक दिवस वाढला. वाढू दे. तो दिवस सोनमर्गच्या विश्रांतीतून काढता येईल.

यामुळे हिवाळ्याचा सरावही बदलतो. बारीमार्गे कळसूबाईचे लागोपाठ शनिवार-रविवार ठरवले होते, ते चढासाठी ठेवतो. उतारासाठी मात्र आता पांडवलेणी बंद, सालोट्याचा घसारा आणि टाच रुतवण्याचा सराव. नाड्या आधी बादलीत भिजवून, ओल्याच बांधून.

नारानागकडून चढून गेलेलं कुणी असेल तर एवढंच हवंय: जंगलाच्या कडेला ऑगस्टअखेर पाणी नेमकं कुठे मिळतं, आणि तिथे एक-दोन तंबूंपुरती सपाट जागा आहे का?