आमची वाटचाल : सायलेन्सरच्या भोवतीची बोटभर जागा

कुर्ला पश्चिमेला एलबीएस रोडच्या आतल्या गल्लीत आमचं गॅरेज आहे, आधी एक गाळा होता आता शेजारचा घेऊन दोन झालेत. काम एकच, एक्झॉस्टचं, म्हणजे इंजिनचा धूर मागे नेणारा पाईप आणि त्यावरचा सायलेन्सर. नवीन सायलेन्सर आम्ही बसवतोच पण निम्म्याहून जास्त गाड्या येतात त्या दुसरीकडून पाईप बसवून आणलेल्या, म्हणजे हौसेने बाहेरचा एक्झॉस्ट टाकला आणि दोन दिवसात स्पीडब्रेकरवर ठक्क करून वाजायला लागलं, नाहीतर रिव्हर्स टाकला की सीटखाली घरघर, नाहीतर बंपरला टीपच्या, म्हणजे पाईपच्या मागच्या टोकाच्या, वर पिवळा डाग पडून प्लॅस्टिक मऊ झालं. गिऱ्हाईक म्हणतं पाईप खराब निघाला. बहुतेक वेळा पाईप चांगला असतो, त्याच्या भोवतीची जागा कमी पडलेली असते.

सुरुवात बाबांची, तीही काळ्या-पिवळ्या टॅक्सींवर. पद्मिनी, म्हणजे आपल्या सगळ्यांसाठी फियाटच, ती बनायचीही इथेच कुर्ल्यात प्रीमियरच्या कारखान्यात. टॅक्सीवाले रात्री गाडी सोडून जायचे आणि पहाटे धंद्याला निघायच्या आत त्यांना ती हवी असायची, त्यामुळे बाबांचं गॅस वेल्डिंग रात्रीचंच. मुंबईत सायलेन्सर बाहेरून कमी आणि आतून जास्त सडतो. पेट्रोल जळलं की धुराबरोबर पाण्याची वाफ निघते, स्टेशन ते घर एवढीच भाडी मारली तर पाईप पुरता तापतच नाही आणि ते पाणी आतच साचतं, पुढे सीएनजी आला त्यात वाफ अजून जास्त, मग मफलरचा, म्हणजे सायलेन्सरच्या डब्याचा, पत्रा चाळणीसारखा होऊन हातात यायचा. ताडदेव आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली, तिची २० वर्षं २०२३ मध्ये भरली. त्या दिवशी बाबा दुकानात येऊन बसले होते, फारसं बोलले नाहीत.

मी धंद्यात आलो तेव्हा सँट्रो आणि वॅगनआर टॅक्सीत आल्या होत्या आणि तिथेच आमची पहिली मोठी अडचण झाली. पद्मिनीचं इंजिन उभं, गाडीच्या लांबीत बसलेलं, रेस दिली की ते बाजूला कलतं, पाईप थोडा पिळतो पण पुढेमागे फारसा सरकत नाही. या नवीन गाड्यांचं इंजिन आडवं. रेस दिली की ते पुढेमागे झोके घेतं आणि अख्खा पाईप ओढतं ढकलतं, म्हणूनच कंपनी पुढच्या पाईपनंतर जाळीवाला फ्लेक्स, म्हणजे वाकणारा लवचिक तुकडा, देते. आम्ही जुन्या सवयीने एकदा फ्लेक्सचे पैसे वाचवून तिथे सरळ पाईप जोडला, पंधरा दिवसात मॅनिफोल्डच्या फ्लँजपाशी, म्हणजे पाईप इंजिनला जोडतो तिथे, वेल्डिंग तडकून गाडी परत. बाबांनी पैसे परत दिले आणि मला म्हणाले बॉनेट उघड, मी रेस देतो, तू फक्त इंजिनकडे बघ. तासभर बघत बसलो. आजही नवीन मुलगा कामाला लागला की पहिल्या दिवशी त्याला तेच करायला लावतो.

दुसरा धडा महागात गेला पण दुकान त्याच्यावरच उभं राहिलं. एका मुलाने हॅचबॅकला सव्वादोन इंची स्टीलचा पाईप करून घेतला, मनापासून केलेलं काम, टिगचं वेल्डिंग एकसारखं. दोन खांबी रॅम्पवर गाडी उचलून मी स्वतः सगळीकडे बोट फिरवून बघितलं, मागच्या अॅक्सलच्या बीमवरून, म्हणजे मागची दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्यावरून, पाईप जातो तिथे चांगली अडीच इंच जागा. गाडी दिली. रविवारी तो घरच्यांना घेऊन लोणावळ्याला निघाला, पाच माणसं आणि डिकीत सामान, खंडाळ्याचा घाट चढताना प्रत्येक खड्ड्यात मागून हातोडा मारल्यासारखा आवाज. सोमवारी सकाळी तो दारात. म्हणाला, दादा माझी आई पूर्ण रस्ता घाबरून बसली होती. मला खूप लागलं ते, अजूनही लागतं.

गाडी परत रॅम्पवर घेतली तर परत अडीच इंच. मग आमचा वेल्डर चाचा म्हणाला की रॅम्पवर चाकं लोंबकळतायत, खाली रस्त्यावर उभी करून बघू. गाडी दुकानातल्या जुन्या खड्ड्यावर घेतली, ज्यात उतरून गाडीखाली काम करतात, दुकानातली चार पोरं आणि तो गिऱ्हाईक असे पाच जण आत बसवले, डिकीत वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर टाकला आणि मी खाली उतरून टॉर्च मारला. बॉडी खाली बसली होती, बीम वर आला होता, पाईप आणि बीममध्ये माझं नखसुद्धा जात नव्हतं. बीमवर रुपयाएवढा पत्रा घासून चकाचक झाला होता. आम्ही हवेत मोजलेली जागा रस्त्यावर नव्हतीच.

तो तुकडा कापला, बीमवरच्या भागात पाईप दाबून लंबगोल केला, म्हणजे उंची कमी झाली पण आतून धूर जायला वाट राहिली, आणि नवीन कोनात टॅक, म्हणजे वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके, मारून परत पाच माणसं बसवून बघितलं. तेव्हापासून फक्त टॅक मारायचे, गाडी चाकांवर उभी करायची, वजन टाकायचं, आणि मगच पूर्ण वेल्डिंग, हा आमचा नियमच झाला. त्या मुलाने पुढे त्याच्या कितीतरी मित्रांना पाठवलं.

मोजायची आमची पद्धत ऐकून लोकांना नवल वाटतं. शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातून शाडूची माती आणतो, ओली करून लिंबाएवढे गोळे पाईप आणि फ्लोअरच्या मध्ये, बीमवर, हँडब्रेकच्या केबलपाशी लावतो. इंजिन थंड असताना गाडी दाबून, हलवून, गल्लीतल्या स्पीडब्रेकरवरून एकदा नेऊन आणतो, मग गोळा जिथे दबला तिथली जाडी व्हर्नियरने मोजतो. बॉडीपासून निदान अर्धा इंच आणि प्लॅस्टिक, ब्रेकचा होस, पेट्रोलची लाइन, ड्राइव्हशाफ्टचा रबरी बूट यांच्यापासून इंचभर तरी जागा आम्ही सोडतो. मातीचं काम झालं की गाडी तापवून परत बघायचं, कारण गरम झाल्यावर पाईप लांब होतो आणि ही गोष्ट बसवणारे बरेच जण विसरतात. मीटरभर साधा लोखंडी पाईप ३०० अंशांनी तापला तर साडेतीन मिलिमीटर वाढतो, तेवढाच ३०४ स्टेनलेसचा पाईप पाच मिलिमीटर. लोक गंजाला कंटाळून स्टेनलेस घेतात ते बरोबरच आहे पण मग जागाही जास्त सोडायला पाहिजे. पुढचं टोक इंजिनला बांधलेलं, म्हणून सगळी वाढ मागे येते आणि टीप बंपरला टेकते. थंड गाडीत टीप अगदी मापात बसवली म्हणजे हायवेवर ती प्लॅस्टिकला लागणारच.

गाडी आली की लगेच ग्राइंडर काढायचा नाही, हे मी पोरांना ओरडून सांगतो. आधी इंजिनचे माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर टेकतं ते, बघा, माउंटिंग खचलं असेल तर इंजिनच खाली आलेलं असतं आणि बिचाऱ्या पाईपला शिव्या बसतात. मग पाईप टांगून धरणाऱ्या हँगरचे रबर, जुने ताणून लांबलेले असतात. मग सगळे नटबोल्ट सैल करून पाईप स्वतःहून जिथे बसतो तिथे बसू द्यायचा आणि पुढून मागे कसत यायचं, पॅकिंग नवीन टाकून. कितीतरी गाड्यांचा खडखडाट एवढ्यानेच जातो, आम्ही मजुरीच तेवढी घेतो. खूप कडक रबर टाकले तर आवाज केबिनमध्ये येतो म्हणून ते टाळतो. हीट शील्ड, म्हणजे उष्णता अडवणारा पत्रा, वाजते म्हणून काढून फेकलेली गाडी आली की मी आधी शील्ड शोधायला लावतो, तिच्यावर पेट्रोलची टाकी अवलंबून आहे हो. आणि पाईपला गुंडाळायची ती कापडी पट्टी, आपल्या पावसात ती ओली राहते आणि लोखंडी पाईप आतल्या आत खाऊन टाकते, त्यापेक्षा मध्ये हवा खेळेल असा पत्र्याचा आडोसा केलेला बरा.

एका गोष्टीला आम्ही ठाम नाही म्हणतो. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कापून सरळ पाईप, किंवा मफलर रिकामा करून आवाज. गाडीत परस्पर बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, धुराच्या तपासणीची पीयूसी आहे, पण त्याहून आमच्या गल्लीत वरच्या माळ्यावर आजारी माणसं झोपतात. एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस ६ नियम आल्यावर कन्व्हर्टर इंजिनला खेटून आलाय, तिथे उष्णता आधीच जास्त आणि जागा आधीच कमी, तिथे हात घालून पुढे काही झालं तर जबाबदारी कोणाची? धंदा थोडा गेला यात, जाऊ दे.

पावसाळ्यात आमच्या खड्ड्यात पाणी भरतं, जुलैमध्ये तर रोज सकाळी आधी पंप लावून मग काम. २६ जुलै २००५ ला दुकान छातीएवढ्या पाण्यात होतं, बाबांचं गॅस वेल्डिंगचं सगळं सामान गेलं, ते दिवस बायकोने आणि चाचाने सांभाळून घेतले नसते तर हे लिहायला मी नसतो. हिशोब आजही बायकोच बघते. आता कर्ज काढून चार खांबी रॅम्प बुक केलाय, ज्याच्यावर गाडी आपल्या चाकांवर उभी राहूनच वर जाते, दिवाळीनंतर येईल. गाळ्याची उंची तीनदा मोजून झाली. चाचा म्हणतो रॅम्प येऊन पहिली गाडी त्याच्यावर पाच माणसांसकट चढेपर्यंत खड्डा बुजवू नका.