'आचाऱ्यांकडे' छापून घेताना

दीर्घकथा लिहायला मला चार महिने लागले आणि तिच्यातला एक शब्द नीट छापून घ्यायला सात आठवडे. दिवाळी अंकासाठी कथा पाठवणं, संपादकांचा होकार येणं, हे सगळं सरळ झालं, त्यामुळे त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. राग आहे तो अक्षरजुळणीवर.

पण त्यासाठी आधी कथेतलं गुपित फोडावं लागेल. डोंबिवलीतली चोवीस घरांची जुनी सोसायटी, पुनर्विकासाचं घाटतंय. २०१९च्या शासन निर्णयाप्रमाणे एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते, म्हणजे बारा सह्या पुरत नाहीत, तेरा हव्यात. तेरावी सही एका बंद घराच्या मालकिणीची आहे, आणि त्या बाईंना आठ महिन्यांत कुणी पाहिलेलं नाही. मग सही केली कुणी, आणि त्यांच्या घरात शिरलं कोण? जुन्या सेक्रेटरींच्या वहीत एकच ओळ सापडते, 'किल्ली आचाऱ्यांकडे'. सगळे ती 'आचार्यांकडे' अशी वाचतात आणि नऊ नंबरातल्या आचार्य कुटुंबाशी बोलणं टाकतात. खरी गोष्ट अशी, की कुणाच्या तरी मुंजीला स्वयंपाकाचं सामान त्या बंद घरात ठेवलं होतं आणि किल्ली आचाऱ्यांकडे गेली होती. रफार की ओळीतला अर्धा र, हे नायिकेला शेवटच्या पानावर भिंगातून दिसतं. अख्खी कथा त्या एका रेघेवर उभी.

ऑगस्टमध्ये पहिलं प्रूफ आलं. कथेचं नावच 'शेजार्यांची किल्ली'. पायर्या, कोपर्यात, वार्यावर. आणि शेवटच्या पानावर नायिका ओरडते, "नीट बघा काका, आचार्यांकडे नाही, आचार्यांकडे!"

मी फोन केला. "ताई, आमच्याकडे युनिकोड जुन्या फाँटमध्ये कन्व्हर्ट होतं. तुमच्या फाइलमध्येच तसं असणार," जुळणी करणारा मुलगा म्हणाला. मी स्क्रीनशॉट पाठवला. "आमच्याकडे असं दिसत नाही." मला जास्त कोड्यात टाकलं ते याने, की काही ठिकाणी शब्द बरोबर होते. पान तीनवर 'शेजाऱ्यांना' शाबूत, पान अकरावर 'शेजार्यांना'. चुकायचं तर सगळीकडे एकसारखं चुका ना!

दुसरं प्रूफ बारा दिवसांनी आलं. मुलाने एका फटक्यात सगळे बदलले होते. "सूऱ्य मावळला तशी काऱ्यकारिणीची सभा सुरू झाली," हे वाक्य वाचून मला हसू आलं आणि मग रडू. आता नऊ नंबरातलं कुटुंबही 'आचाऱ्य' झालं होतं. शेवटचं पान: "आचाऱ्यांकडे नाही, आचाऱ्यांकडे!"

तिसऱ्या प्रुफाआधी मी मला दिसलेल्या प्रत्येक चुकीला लाल पेनने गोल करून फोटो पाठवले. (हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. आणि वर्ड फाइलबरोबर तीच पीडीएफ करूनही पाठवा, म्हणजे 'तुमच्याकडेच तसं आहे' हे ऐकावं लागत नाही.) गोल केलेलं सगळं बरोबर आलं, फक्त मुद्रितशोधकांनी शेवटच्या वाक्यातला अर्धा र काढून शेजारी लिहिलं होतं, 'आडनाव आचार्य. सर्वत्र एकसारखे करावे.' संपादकांना फोन केला तर ते म्हणाले, "वाचक समजून घेतात हो." रहस्यकथेत वाचकाने समजून घ्यायचं? मग मी लिहिलं कशाला?

शेवटी कल्याणहून गाडी पकडून पुण्याला गेले आणि त्या मुलाच्या शेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर बसले. शब्द दाखवला, वहीची गोष्ट सांगितली. तो दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत राहिला. "अच्छा, म्हणजे किल्ली जेवण बनवणाऱ्यांकडे! मला वाटलं, तोच शब्द दोनदा पडलाय." त्याने कथा वाचलीच नव्हती, आणि का वाचावी, त्याच्यासमोर तसल्या बावीस कथा होत्या. पण त्यानंतर माझ्या नजरेतून सुटलेली एकतीस ठिकाणं त्याने स्वतः शोधली, मला नुसतं बसवून ठेवून. कथेचा मुद्दा अक्षरावर असेल तर जुळणी करणाऱ्याला तो आधीच सांगा. शेवट फुटेल म्हणून मी गप्प बसले होते, तो शहाणपणा नडला.

कथा लिहिणाऱ्यांसाठी एक राहिलंच: कुठल्या घराची जादा किल्ली कुणाकडे असते, याचा तक्ता लिहायच्या आधी करा. माझ्या दुसऱ्या खर्ड्यात एकच किल्ली दोन घरांत होती.

आता त्या पान तीन आणि पान अकराच्या कोड्याचं. उठता उठता मुलाने ते उलगडून दाखवलं. 'ऱ्य' दोन प्रकारे टाइप होतो. एकात खालचा ठिपका असलेला 'ऱ' वापरतात, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच. कन्व्हर्ट करताना ते न दिसणारं चिन्ह गळून जातं आणि रफार उरतो. एक प्रकार शोधायला टाकला तर दुसरा सापडत नाही, म्हणून फाइल पाठवण्याआधी दोन्ही शोधा. माझ्या फाइलमध्ये दोन्ही होते. लॅपटॉपवर लिहिलेली पानं शाबूत होती. जी बिघडली ती मी लोकलमध्ये, फोनवर लिहिलेली.

त्या मुलाला मी सात आठवडे काय काय बोलले होते ते आठवून खाली जाऊन दोन चहा घेऊन आले.